मस्टरवर हजर असलेले मार्गदर्शक शोधून मिळणेबाबत

प्रति,
माननीय कुलसचिव,
प्रशासकीय इमारत, पहिला मजला.

विषय: मार्गदर्शक बदलून मिळणेबाबत. (खिडकीवर हाच एक छापील नमुना शिल्लक होता. खरी विनंती शेवटच्या मुद्द्यात आहे.)

संदर्भ: वित्त विभागाचे दि. १५ चे 'कारणे दाखवा' पत्र.

महोदय,

सदर अर्जदार वित्त विषयाच्या पदव्युत्तर वर्गात दुसऱ्या वर्षाला शिकत असून तिला अकरा महिन्यांची मुलगी आहे. प्रबंधासाठी मार्गदर्शक निवडायच्या दिवशी विभागाच्या शिपाईमामांनी तिला जिन्यापाशी गाठून बजावले होते, "ताई, ते म्हातारे सर नका घेऊ. ते प्रबंध वाचतात. बाकीचे नुसतं वजन बघून सही करतात." अर्जदाराने ते हसण्यावारी नेले. तेवढी चूक तिला मान्य आहे.

१) सरांनी प्रबंध खरोखरच वाचला. तक्ता क्रमांक तीन तर चार वेळा करायला लावला. मात्र "घरी ठेवायला कोणी नसेल तर घेऊन या तिला" असे म्हणून मुलीला टेबलावर बसवून स्वतःचा कॅल्क्युलेटर खेळायला देणारेही विभागात तेच एकटे. दि. ८ रोजी फाइल काढायला उठताना सरांनी कपाटाची मूठ घट्ट धरली व काही वेळ ते तसेच उभे राहिले. अर्जदाराने विचारले असता म्हणाले, "काही नाही, जरा चक्कर. तक्ता तीन मात्र अजून चुकलाय." दुसऱ्या दिवशी अकराला या, असे सांगितले. पाच मिनिटे उशीर झाला तर घड्याळाकडे बोट दाखवणारा हा माणूस त्या दिवशी आलाच नाही. तेव्हापासून आज अकरावा दिवस. फोन बंद आहे.

२) याबाबत विभागाच्या कार्यालयात चौकशी केली असता मुख्य लिपिक बाईंनी मस्टर उघडून दाखवले. सर दि. ९ ला हजर आहेत, १० ला हजर आहेत, आणि पुढे ३० तारखेपर्यंत हजर आहेत. येथे नमूद करणे भाग आहे, की विभागातील सर्व प्राध्यापक एक तारखेला चहा येईपर्यंत महिनाभराच्या सह्या उरकून घेतात. सरांना ही रीत पटत नसे. पण "तुम्ही रोज सही केलीत तर आम्ही उघडे पडतो" असे सहकाऱ्यांनी विनवल्यामुळे तेही करू लागले. उद्याची वस्तू आजच विकून मोकळे होणे याला अर्जदाराच्या अभ्यासक्रमात वायदे व्यवहार म्हणतात व त्यावर चौथा पेपर आहे. हजेरीचा वायदा करता येतो, हे मात्र पुस्तकात नाही.

३) "मग सर दिसत का नाहीत?" यावर लिपिक बाई म्हणाल्या, "ताई, मस्टर खोटं बोलेल का? तुम्हीच नेमक्या नको त्या वेळी येता." विभागप्रमुखांनी तर दार अर्धेच उघडून सांगितले, "सह्या असलेला माणूस बेपत्ता कसा असेल? तुम्ही प्रबंधाचं बघा." त्यांच्या डोक्यामागे 'धोका वेळीच ओळखा' असा फलक आहे. त्यानंतर दि. १५ रोजी, मार्गदर्शक रोज हजर असूनही आठवडाभर त्यांना न भेटल्याबद्दल आपल्यावर कारवाई का करू नये, असे पत्र अर्जदाराच्या हाती ठेवण्यात आले. अर्जदाराचा खुलासा एका ओळीचा आहे: हजर माणूस तिला दाखवावा, ती लगेच भेटेल.

४) दि. १६ रोजी अर्जदार मुलीला कडेवर घेऊन सरांच्या घरी गेली. दाराच्या कडीत वर्तमानपत्रे खोचलेली होती. मोजली, आठ भरली. समोरच्या इमारतीच्या जिन्यावरून पाहिले तर आतला दिवा भर दुपारी चालू. इमारतीचा रखवालदार म्हणाला, "जवळचं माणूस आणा, नाहीतर ऑफिसचं पत्र आणा. मी असं कुणाचंही दार फोडू का?" सरांची पत्नी हयात नाही आणि मूलबाळ नाही, एवढे अर्जदारास ठाऊक आहे. ती पोलीस चौकीत गेली. तिथल्या हवालदारांनी भल्या मनाने विभागात फोन लावला. विभागाने कळवले, सर हजर आहेत. हवालदार अर्जदाराकडे पाहून म्हणाले, "बाई, बाळंतपणानंतर होतं असं कधीकधी. घरी जा, झोप काढा." अर्जदाराच्या यजमानांचेही मत फार वेगळे नाही. परंतु ताप चढायच्या आधी मुलीचा कान गरम लागतो, हे ओळखणारी बाई उगाच घाबरत नसते.

५) सबब नम्र विनंती, की मार्गदर्शक बदलू नयेत. प्रबंध ३० तारखेला द्यायचा आहे व त्यावर सरांची सही लागते. ती न मिळाल्यास अर्जदाराचे वर्ष जाईल, हे ती जाणते. वर्ष जाऊ द्यावे. कारणे दाखवा पत्रावर जी कारवाई करायची ती करावी. ती तक्रार करणार नाही. फक्त आपल्या सहीचे दोन ओळींचे पत्र रखवालदाराच्या नावे द्यावे आणि ते घेऊन आपले माणूस आजच सरांच्या घरी पाठवावे. सर ठणठणीत निघाले व अर्जदारावर रागावले, तर ते बोलणे ती आनंदाने ऐकून घेईल.

आपल्या दाराबाहेरच्या बाकावर उत्तराची वाट पाहत बसलेली,
अर्जदार
वित्त पदव्युत्तर वर्ग, दुसरे वर्ष, हजेरी क्रमांक ४१
दिनांक: १९, सकाळी साडेदहा

सोबत:
१) 'कारणे दाखवा' पत्राची प्रत.
२) मस्टरच्या चालू पानाचा फोटो. यात उद्याच्या सह्याही दिसतात.
३) सरांचा पत्ता. तिसरा मजला, डावीकडचे दार. घंटा बिघडलेली आहे, म्हणून दार वाजवून लगेच परत फिरू नये. नाव घेऊन हाक मारावी, दाराला कान लावून थांबावे, आणि पुन्हा हाक मारावी.