निरोगी म्हणून लावलेलं माझं रक्त

मंगळवार, संध्याकाळ

ड जीवनसत्त्व कमी असलं की पांढऱ्या पेशी जंतू गिळायला सुस्तावतात, एवढंच मला प्रयोगातून दाखवायचं होतं. निरोगी नमुना म्हणून प्रयोगशाळेतल्या शबानानं आणि मी आपापल्या प्रयोगात स्वतःचंच रक्त लावलं. सुस्त निघाल्या माझ्याच पेशी! तपासलं, तर माझंच ड कमी. तिच्या पेशी मात्र जंतूंवर नुसत्या तुटून पडलेल्या. सर तिलाच म्हणाले, "व्वा!"

रोज गच्चीवर उन्हात डबा खाते ती. "चल की गं," म्हणायची. "काळी पडशील," म्हणून मी हसायचे. स्वतः छावणीतल्या घरापासून तोंडाला स्कार्फ गुंडाळून येते ना मी!

पेशींचा कुणी हेवा करतं का? मी करतेय. अन् उद्या त्याच गच्चीवर जाऊन विचारायचंय, "शबाना, माझ्या प्रयोगाला थोडं रक्त देतेस का?"