दर रविवारी कौलांचं इन्स्पेक्शन

५ मे १९५७, रविवार
कुसुम पहिल्या बाळंतपणाला जूनमध्ये माहेरी येणार. सौ. म्हणते, ज्योतीरामला बोलावून घर शाकारून घ्या. तो दर वैशाखात अख्ख्या आकुर्डीची कौलं चाळतो. मी म्हटलं, कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातला माणूस घरात असताना ज्योतीराम कशाला? चार्ट केला. दर रविवारी छताचं इन्स्पेक्शन, जातीने.

१२ मे
पहिलं इन्स्पेक्शन. कंपनीचे बूट घालून चढलो. सेफ्टी महत्त्वाची. दोन कौलं तडकली. आधीच कच्ची असणार.

१९ मे
सात फुटकी! गेल्या रविवारी नव्हती. हल्ली कौलांचा दर्जाच राहिला नाही. आता गुरुवारीही चढायचं.

२३ मे, गुरुवार
ज्योतीराम रस्त्यावरून ओरडला, "सायेब, बूट काढा! कौलावर बुटानं कुनी चढत न्हाई." अडाणी माणूस. लक्ष दिलं नाही.

९ जून
पाऊस. सात ठिकाणी गळतं. बादली, परात, पातेली, तांब्या, सगळं कामाला लागलं. सौ.ने ज्योतीरामला निरोप धाडला. त्याचं उत्तर: ओल्या कौलांवर आता पाय ठरायचा न्हाई, पाऊस सरल्यावर बगू.
इन्स्पेक्शन कमी पडलं, दुसरं काय.

१५ जून
कुसुम आली. तिची खाट चार वेळा सरकवली. पाचव्यांदा सरकवायला कोरडी जागाच नव्हती. पोरगीने पोटावरून पदर ओढून घेतला.

१६ जून
सौ. तिला घेऊन तळेगावला गेली, मेव्हणीकडे. जाताना म्हणाली, पहिलं बाळंतपण आईबापाच्या घरी व्हायचं होतं. दाराआड जाऊन रडलो. पण महिनाभरात घर ठणठणीत करून दोघींना परत आणतो की नाही बघा.

११ जुलै, गुरुवार
दुपारची शिफ्ट. सकाळी भर पावसात छतावर होतो. खालून पोस्टमनची हाक आली, तळेगावचं कार्ड आहे. म्हटलं, खिडकीतून टेबलावर टाका. अर्ध्यावर इन्स्पेक्शन सोडायचं नाही, हा माझाच नियम. बूट सरकला, टेबलाच्या बरोबर वरची तीन कौलं गेली.
उतरलो तर कार्ड पाण्यात. 'कुसुम सुखरूप' एवढं वाचता येतं, पुढे सगळा निळा डाग. नातू की नात, कळायला मार्ग नाही.
तळेगाव गाडीने जेमतेम अर्धा तास. पण जाऊ कुठल्या तोंडाने?
बूट काढून ठेवले.