कावळ्याला दिलेला शब्द

३ नोव्हेंबर
आईला जाऊन महिना होत आला. दहाव्याला सावित्री नदीच्या काठी कावळा पिंडाला शिवेना. सगळे माझ्याकडे बघायला लागले. एरवी चारचौघांत तोंड न उघडणारा मी मोठ्याने म्हणालो, "आई, दिनूला मी उभा करीन." लगेच शिवला. आता सगळी वाडी मला विचारते, उभा राहिला का.

४ नोव्हें.
महाडहून थरथरणारं मशीन आणलं. मुंबईला बांधकामाच्या परांचीवरून पडल्यापासून धाकट्या भावाचे, दिनूचे, पाय ताठ. टाच टेकत नाही, म्हणून आधाराचा बूट चढत नाही. बूट नाही तर उभं राहणं नाही.
दुकानदार म्हणाला, आखडलंय तिथे लावा. पोटरीवर धरलं. पाऊल थडथड उडायला लागलं, थांबेचना.
दिनू हसत, "दादा, शिलाई मशीन झाला रे माझा!"
मला हसू आलं नाही.

७ नोव्हें.
एकटाच महाडला. फिजिओ मॅडम : "मशीन ज्या स्नायूवर धराल तो आकसतो. पोटरी आणखी ओढणारच. नडगीच्या बाजूला धरा, मग पोटरी सोडेल. पण सैल राहील ती थोडाच वेळ हं."
थोडाच वेळ म्हणजे किती, ते कुणीच सांगत नाही.

९ नोव्हें.
नडगीवर धरलं. टाच टेकली! बूट चढला. बगलेत हात घालून उभा केला. आणि पाय पुन्हा लाकूड. दोघेही आईच्या कॉटवर आपटलो.
मी ओरडलो, "जरा जोर लाव ना!"
"माझा जोर लागला असता तर मशीन कशाला? आणि शब्द तू दिलास. मला कुणी विचारला?"
बूट काढून कॉटखाली सारला.

१० नोव्हें.
जेवताना विचारलं, तुला काय हवंय.
"खुर्चीत बसलो की पाय उडतो नि मी घसरतो. तेवढा थांबव. आई असताना अंगणात बसायचो. तिने मांडी दाबून धरलेली असायची."
मला हे माहीत नव्हतं. एकाच घरात राहून.

१२ नोव्हें.
सकाळी नडगीवर मशीन, मग खुर्ची अंगणात. पाय गप्प.
शेजारची काकी रस्त्यावरूनच, "दिनू उभा राहिला काय रे?"
मी काय सांगावं याचा विचार करतोय तोवर दिनूच, "बसलोय गो काकी! ये चहाला."
आली. चहा झाला. पाय एकदाच उडाला, मी मांडी दाबून धरली.
कौलांवर कावळा ओरडत होता. मी वर बघितलं नाही.