बॅलिनगोर्टच्या किल्ल्याची साफसफाई

प्रिय डिंफ्नाताईस,

धाकट्या मॅलकीचा नमस्कार. बॉस्टनच्या थंडीत तुझा खोकला कसा आहे? इकडे सेंट ब्रिजिडच्या कृपेने मी, गाय आणि छप्पर तिघेही टिकून आहोत (गुडघ्याचं विचारू नकोस).

जूनमध्ये येऊन, कोल्मभावोजींनी जिथे तुला मागणी घातली त्या किल्ल्याच्या खिडकीत एकदा बसणार, असं तू लिहिलंस, म्हणून घाईने कळवतो. ताई, मन घट्ट कर. आपला किल्ला पडला.

त्याने काय कमी सोसलं? बांधणाऱ्याला सख्ख्या भावाने हुसकावलं, भावाला पुतण्याने. मग इंग्रजांच्या तोफा आल्या, एक कोपरा घेऊन गेल्या. पुढे जमीनदाराने छपरावरचा कर वाचवायला छप्परच उतरवलं. आपल्या आजोबांनी डुकरांच्या खोपट्यासाठी दगड नेले (चांगले निवडून नेले, डुकरं गेली, खोपटं अजून उभं आहे). एवढं होऊनही पश्चिमेची भिंत आणि तुझी खिडकी जागची हलली नव्हती. ती पाडली स्वच्छ गाव स्पर्धेने.

गेल्या वर्षी शेजारच्या गावाने आपल्याला हरवलं, तेव्हापासून स्पर्धा समितीच्या मिसेस गेराटीच्या पोटात दुखत होतं. रविवारच्या प्रार्थनेनंतर तिने अख्खं गाव कोयते देऊन किल्ल्यावर पिटाळलं. भिंतीवरची आयव्हीची वेल परीक्षकांना गबाळी दिसते म्हणे. मी म्हटलं, बाई, भिंत कुठे संपते नि वेल कुठे सुरू होते हे आता देवालाच ठाऊक. तर म्हणते, "मॅलकी, आधी तुझ्या अंगणातलं गवत काप." सगळे हसले. मग मीही चिडून वेल ओढायचा दोर धरला, काय करणार! वेल सुटली, आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि दमलेला माणूस टेकतो तशी भिंत सावकाश खाली बसली. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मिसेस गेराटी चिखलात फतकल मारून रडली, आणि मग आम्हीच तिला हात देऊन उठवलं.

फार वाईट वाटतं गं, ताई. भावोजी गेल्यावर तुला ती एकच जागा हवी होती, तीही आम्हाला राखता आली नाही. तिकीट रद्द केलंस तरी मी रागावणार नाही.

तुझा,
मॅलकी

ता. क. तिकीट रद्द करू नकोस. खिडकीतला बसायचा दगड अखंड निघाला. ट्रॅक्टरवर घालून आणला आणि स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवलाय, तोंड पश्चिमेकडेच. अजून कुणालाही त्यावर टेकू दिलेलं नाही.

ता. क. दुसरा. किल्ल्याचा दगड घरी नेणं गुन्हा आहे म्हणे, आणि सरकारी साहेब जूनमध्येच पडलेल्या दगडांच्या मोजदादीला येणार आहेत. येताना तुझा तो घोळदार झगा आण. ते आले की दगडावर नीट पसरून बस, आणि जाईपर्यंत उठू नकोस.