डोंगरावरची कानडवाडी

अण्णा,

तुमच्या बहिणीचा, रत्नव्वाचा नमस्कार. फोनवर रडू येईल, म्हणून लिहितेय.

कानडवाडीभोवती वनउद्यान होणार असं कळल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "आपण बाहेरून आलेली माणसं. आज ना उद्या उठवतीलच. सोलापूरला माझ्याकडं चला." त्या दिवसापासून आई तुमच्याशी बोलली न्हाय.

गेल्या महिन्यात वनखात्याचे साहेब बैठकीला आले. आई उठून म्हणाली, "साहेब, माझी आजेसासू दुष्काळात गुलबर्ग्याकडनं आली, तवा हा डोंगर उघडा व्हता. वाटंत दगावलेल्या लेकराच्या नावानं तिनं इथं चिंच लावली. मग ज्याच्या घरातलं माणूस गेलं, त्यानं झाड लावलं. ही झाडं सोडून आमी कुठं जावं?"

साहेबांनी उठून एकेक झाड बघितलं, वहीत टिपून घेतलं.

काल ते पुन्हा आले. उद्यानाचं कुंपण वाडीला वळसा घालून जाणार, वाडी जागेवरच राहणार. झाडांची देखभालही आपल्याच माणसांकडं दिलीय.

एवढं लिहून पत्र पाकिटात घालत होते, तर आईनं हात धरला, म्हणून परत बाहेर काढून हे लिहितेय. म्हणाली, "त्याला पोचायला लई दिवस लागतील. फोन लाव, म्या बोलते."

तुमची धाकटी,
रत्नव्वा