जाड पायरीचा फोटो

४ फेब्रुवारी
मॅग्नेशियमची ओतणी पुन्हा केली. पायऱ्यांचा साचा. रस एकच, पण एक पायरी पातळ, दुसरी मध्यम, तिसरी चांगली जाड. प्रत्येकीत तापमान मोजायची तार. पातळ बघता बघता गोठली, जाड रेंगाळत बसली. भट्टीवर पोपटदादा होते, म्हणून रस एकदाही पेटला नाही. ओतायला मला त्यांनीच शिकवलं. नाहीतर लॅबमधल्या बाईला भट्टीजवळ कोण येऊ देतं.

६ फेब्रु.
तुकडे कापून, घासून मायक्रोस्कोपखाली. पातळ: कण बारीक, एकसारखे. जाड: कण मोठे, कडांना ठिसूळ जाळी, मधे पोकळ्या. हळू गार झालं की हेच. जाड तुकडा ओढून पाहिला, फार लवकर तुटला. आपला व्हीलचेअरचा ब्रॅकेट मधोमध एवढाच जाड. बसणाऱ्याचं वजन तिथंच.
दादांना दाखवलं. "म्हंजी साच्यात तिथं लोखंडाचा चिल बसवाय लागंल, लवकर गार व्हायला. आठ दिस जात्याल."
जाऊ देत आठ दिवस, म्हटलं. गिऱ्हाइकाच्या रिपोर्टात तिन्ही फोटो लावले.

११ फेब्रु., शेवगाव
आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. दादांचा फोन. आधी आईची चौकशी, मग "रिपोर्टचा पासवर्ड सांग, पानं छापून ठिवतो." सांगितला.

१४ फेब्रु.
कामावर. गिऱ्हाईक कंपनीचं पत्र आलंय: जाड भागाची रचना उत्तम, माल पाठवा.
उत्तम?
रिपोर्ट उघडला. जाड भाग म्हणून पातळ पायरीचाच फोटो, उलटा फिरवून. घासताना माझ्याकडून पडलेला ओरखडा खालचा वर गेलाय. खाली माझं नाव. 

१५ फेब्रु.
वाटलं होतं, मालकांचं काम. दादा चहा पीत होते.
"दादा, फोटो कुणी बदलला?"
"मीच." नजरसुद्धा वळवली नाही. "तारीख हुकली असती तर आर्डर गेली असती. भट्टी बंद, अठरा मानसं घरी."
"मग माझं नाव कशाला?"
"तुझ्या नावावर इस्वास हाय त्यांचा. मला कोन इचारतंय?"
 मी लॅबमध्ये परत आले.

१७ फेब्रु.
मालक म्हणाले, "रोहिणीताई, पुढच्या लॉटपासून चिल बसवू." आणि हा बिनचिलचा लॉट? उद्या गाडीत चढणार.
दादा रोजच्यासारखे जेवायला हाक मारायला आले. मी गेले नाही. नंतर डबा उघडला, पण तसाच परत बंद केला.

१८ फेब्रु.
सकाळी लॉटमधला एक ब्रॅकेट उचलून मधे कापला. पोकळ्या नुसत्या डोळ्यांनी दिसतात. खरे फोटो, सगळी मोजमापं गिऱ्हाइकाच्या इंजिनिअरला पाठवली.
दादा दारात. "पाठवलंस?"
"हो."
"मला इचारायचं तरी हुतंस."
"तुम्ही मला विचारलं होतं?"
 तेवढ्यात इंजिनिअरचा फोन. "लॉट थांबवा. उद्या आम्ही येतोय. फोटो बदलला कुणी, ते नाव लागेल."
"या, समोर बोलू," मी एवढंच म्हणाले.
दादांनी सगळं ऐकलं असणार. हातमोजे चढवले, भट्टीकडे गेले. उद्या ते स्वतः बोलले तर बरं. नाही बोलले तर मी नाव सांगणार.