अकरा पानं, सात मिनिटं

प्रिय हैकल,

'प्रिय' लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. संगणकावर पाठवलेलं तू वाचत नाहीस, म्हणून हा कागद बोटवाल्याच्या हाती देतेय.

केर्कना बेटावर घरी येऊन चार दिवस झाले. आई विचारते, "नोकरी सोडलीस की काय गं?" सोडली नाही, तोंड लपवलंय. आपल्या आभासी यंत्रांची स्मृती खणाखणांत वाटलेली असते आणि एक खण बदलायला खणांची सगळी यादी नव्याने उतरवावी लागायची, हे मला पटत नव्हतं. बाबा ऑक्टोपस धरायला एका दोराला शंभर गाडगी बांधतात. एक फुटलं म्हणून शंभर बदलत नाहीत. मी दोन याद्या ठेवल्या. बदल कामात नसलेल्या यादीत करायचा, तिला कामाला लावायचं, जुनी यादी वाचणारी यंत्रं तिच्यातून बाहेर पडली की जुना खण मोकळा करायचा. आठ महिने खपले, आणि शेवटच्या दोन ओळी उलट्या लागल्या. वाचणारी यंत्रं आत असतानाच खण मोकळा! चाचणीत चाळीस यंत्रं कोसळली. जगभरच्या सहकाऱ्यांसमोर प्रकल्पाच्या प्रमुख बाईंनी एवढंच विचारलं, "हे वाचलं कुणी?"

माझ्या कामाखाली तुझं नाव होतं. 'तपासले: हैकल.'

बाबांना सांगितलं तर हसले, "म्हणजे ऑक्टोपस आत असताना गाडगं फोडलंस की!" अक्षरओळख नसलेल्या माणसाला जे क्षणात कळलं, ते तुला दिसलं नाही, कारण तू पाहिलंच नाहीस. वर फोनवर म्हणालास, "अगं, तुझ्यावर विश्वास होता, वाचायचं काय त्यात?" याला विश्वास म्हणतोस? आई माझी उत्तरपत्रिका उलटी धरून तिचा मुका घ्यायची, "बाई गं, केवढं लिहिलंयस!" तिला वाचता येत नाही, हैकल. तुला येतं. माझं लिहिलेलं वाचू शकणारा, माझा म्हणावा असा तू पहिला माणूस होतास.

रविवारी तुला दुरुस्ती पाठवली, तीत मुद्दाम एक चूक ठेवली होती. सात मिनिटांत उत्तर आलं, "झकास! घाल माझं नाव." मी घातलं नाही.

शुक्रवारी तू आईला घेऊन मला मागणी घालायला येणार आहेस. माझी आई आत्तापासून रवा चाळत बसलीय. त्याच दुरुस्तीची अकरा पानं छापून सोबत जोडली आहेत. चूक सापडली तर दोघं या. नाही सापडली, तर तुझ्या आईला उगाच समुद्र ओलांडायला लावू नकोस.

चूक सापडेपर्यंत नुसतीच,
शिराज